बेचाळीसनंतर

१

आमच्या मळ्यावर सकाळ उजेडाने सुरू व्हायची नाही, ‘एक’ या आकड्याने सुरू व्हायची. सहा वाजले की माझा नवरा एवाल्ड अंगणातल्या बाभळीला टांगलेला रुळाचा तुकडा हातोडीने वाजवायचा. नऊ गडी बाभळीखाली ओळीत उभे राहायचे. मग एवाल्ड छाती काढून ओरडायचा, “गिनती!” आणि उजवीकडून एकेक जण आपापला आकडा जर्मनमध्ये म्हणायचा. नवव्याचा आकडा झाला की एवाल्ड मान हलवायचा, आणि त्यानंतरच कोंबड्यांनासुद्धा दाणे मिळायचे.

लष्करातून सुटून त्याला चार वर्षं झाली होती. इथे नैऋत्य आफ्रिकेत हेरेरो लोकांशी लढाई संपली तेव्हा जर्मन सरकारने जुन्या शिपायांना जमिनी वाटल्या. त्यात हवालदार एवाल्ड ब्रांडेसच्या वाट्याला ओकाहांड्यापासून बैलगाडीने तीन दिवसांवरचा हा माळ आला. आधी तो कुणाचा होता हे मी विचारलं नाही. आमच्यात तेव्हा कुणीच विचारत नसे. मी जर्मनीतल्या पोमेरेनिया प्रांतातल्या एका पाववाल्याची चौथी मुलगी, पत्रांवर लग्न ठरवून बोटीने आलेली. मला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं, आणि चौथ्या मुलीला तेवढं खूप झालं.

गड्यांना नावं होती, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी दिलेली. एवाल्ड ती कधी वापरायचा नाही. “पाच, कुंपण बघ. आठ, बैलांकडे जा.” मी एकदा चेष्टेने म्हटलं, “लग्नात मलाही एखादा नंबर द्यायचास.” तो गंभीरपणे म्हणाला, “तू एकटीच आहेस. नंबर कशाला लागतो?” माझ्या नवऱ्याला विनोद कळत नसे, आणि सुरुवातीला मला त्याचीही गंमत वाटायची.

गिनती चालू असताना मी स्वयंपाकघरात मक्याची पेज वाढायला घ्यायची. खिडकी उघडी असायची. बाहेर एक आकडा झाला की आत एका मगात एक डाव. हात आपोआप चालायचा, बघावंही लागत नसे. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी युस्टीनेने, म्हणजे माझ्या हाताखालच्या बाईने, नऊ मग बाहेर नेऊन दिले आणि ओट्यावर एक भरलेला मग उरला. त्यातून वाफ येत होती.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

युस्टीनेने मगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. “तुम्ही वाढलात, मिसेस,” ती म्हणाली.

२

जेवताना मी एवाल्डला फैलावर घेतलं. “नवा गडी ठेवलास तर बायकोला सांगायचं असतं. पीठ काय आभाळातून पडतं?”

त्याने काटा खाली ठेवला. “मी कुणालाही ठेवलेलं नाही.”

“मग दहावा कोण?”

“म्हणजे तूही ऐकलंस,” तो म्हणाला. “एलिफास चावटपणा करतोय. दोन आवाज काढतो. उद्या बघतो त्याच्याकडे.”

एलिफास नववा. ओळीत शेवटचा. तो चावटपणा करेल असा माणूस नव्हता. वर्षभरात मी त्याच्या तोंडून ‘नऊ’शिवाय दुसरा शब्द फारसा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डाव बाजूला ठेवून खिडकीत उभी राहिले. बाहेर ऊन नुकतं पसरत होतं. नऊ माणसं मी डोळ्यांनी मोजली. गिनती सुरू झाली. एलिफासने ‘नऊ’ म्हटलं आणि ओठ मिटले. मी त्याच्या ओठांकडेच पाहत होते. आणि त्याच्या डाव्या बाजूला, जिथे फक्त वाळू होती, तिथून कुणीतरी स्पष्ट म्हटलं, “दहा.”

आवाज पुरुषाचा होता. कोरडा, पण नीट. शाळेत पाठ करून आलेला मुलगा म्हणतो तसा.

“कोण बोललं?” एवाल्डने विचारलं. कुणी हललं नाही. “पुन्हा!”

पुन्हा दहाच आले. मग एवाल्डने खांबावरचा चाबूक काढला आणि एलिफासला ओळीबाहेर बोलावलं. मी खिडकी लावून घेतली. मला ते ऐकवत नव्हतं म्हणून लावली, थांबवायला बाहेर गेले नाही. हे मी लपवत नाही. पोटात सातवा महिना होता, हे कारण मी स्वतःला दिलं होतं आणि ते मला पटलंही होतं.

बंद काचेतून एवाल्डचा आवाज आला, “आता पुन्हा!” एलिफासने ‘नऊ’ म्हटलं. त्याच्यामागून ‘दहा’ आलं. आणि त्याच्याही पलीकडून एक बाई म्हणाली, “अकरा.”

३

मी पाववाल्याची मुलगी. भट्टीतून पाव कमी निघाले तर कुणीतरी खाल्ले, जास्त निघाले तर कुणीतरी मोजायला चुकलं. तिसरं कारण आमच्या घरात नव्हतं. तेव्हा मी कारण शोधायला लागले.

आधी वाटलं, गोदामाच्या पत्र्यावर आवाज आपटून परत येत असेल. दुपारी सगळे कामावर गेल्यावर मी बाभळीखाली उभी राहून ओरडून पाहिलं. अंगण ढिम्म. कोंबड्या तेवढ्या घाबरल्या. मग मी एवाल्डला ओळ गोदामाच्या पलीकडे लावायला सांगितली. तिथेही तेच. उलट त्या दिवशी आकडा चौदापर्यंत गेला.

एलिफासच्या डावीकडची वाळू मी जवळून पाहिली. कोंबड्यांच्या पायांशिवाय तिथे काही नव्हतं. मला बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते कळेना. पाऊलखुणा असत्या तर निदान माणसं तरी असती.

आकडा रोज वाढत नसे. दोन दिवस तिथेच थांबायचा, मग एकदम चार-पाचांनी पुढे. एकोणीस. तेवीस. त्यात म्हातारे होते, बाया होत्या. एक जण प्रत्येक वेळी खोकून मग ‘अठरा’ म्हणायचा. मी आता खिडकीशी जात नव्हते, पण डाव हातात घेऊन उभी राहायची, आणि हात नवव्यानंतरही चालायला बघायचा.

आमची कुत्री फ्लोरा रोज सकाळी घराच्या पायरीवरून गोदामाकडे उंदीर हुंगायला जायची. सरळ वीस पावलांची वाट. ती आता वळसा घालू लागली. एलिफासपासून डावीकडे जी रिकामी जागा होती तिला टाळून, पार लांबून. आकडा वाढला की वळसा वाढायचा. त्यावरून मला ओळ कुठपर्यंत आली आहे ते कळायचं. ती विहिरीच्या दिशेने चालली होती.

गडी पळून जातील अशी मला भीती होती. कुणी पळालं नाही. ते पहाटे येऊन उभे राहायचे, आकडे म्हणायचे आणि समोर बघत राहायचे. फक्त पूर्वी ते ऐसपैस उभे राहायचे, आता खांद्याला खांदा लावून उजवीकडे सरकलेले असायचे. जागा करून दिल्यासारखे.

मग एका सकाळी सत्तावीस झाले. सत्तावीसवा आवाज लहान मुलाचा होता. सहासात वर्षांचं असावं. त्याला इतकी घाई की सव्वीसवाली बाई अजून बोलतच होती तेवढ्यात ते ‘सत्तावीस!’ म्हणून मोकळं झालं.

“सव्वीस संपू दे आधी,” एवाल्ड म्हणाला.

आवाजात राग नव्हता. अगदी सवयीने, मायेने म्हणावं तसं म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, आणि घरात येऊन पाठमोरा बसून राहिला. कॉफीला हात लावला नाही.

“तू ओळखतोस त्या पोराला,” मी म्हटलं.

“कोणतं पोर?” तो म्हणाला. “तिथे कोण आहे का?”

४

शनिवारी बोल्टे आला. हा एवाल्डच्याच पलटणीतला, आता बैलगाड्या हाकून माल पोचवणारा. लाल नाक, मोठा आवाज, खिशात कायम बाटली. महिन्यातून एकदा आमच्याकडे मुक्काम करायचा आणि एवाल्डला सारखं ‘मास्तर’ म्हणायचा. “काय मास्तर, शाळा कशी चाललीय?” मला ते रोजच्या गिनतीवरून असावं असं वाटायचं.

“वहिनी,” तो मला म्हणाला, “या माळावर बाळंत होणार म्हणता? इथे सुईण म्हणून कोण, तुमची फ्लोरा?”

“गुरुवारी तुमची गाडी ओकाहांड्याला परत जाणार ना? आम्हा दोघांना न्या.”

एवाल्ड म्हणाला, “मी मळा सोडून येणार नाही.”

रविवारीही आमच्याकडे गिनती असायची. बोल्टे पायरीवर बसून कॉफी पीत होता. नऊपर्यंत तो मजेत होता. ‘दहा’ला त्याने इकडेतिकडे पाहिलं. पंधरावर त्याने मग खाली ठेवला. सत्तावीसवर ते पोर घाईघाईने बोललं तेव्हा बोल्टे उभा राहिला, आणि त्या उन्हातही त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. त्या दिवशी आकडा छत्तीसवर थांबला.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे बंद कर. आजच्या आज बंद कर.”

“मी काय करतोय?”

“तू विचारतोयस, गाढवा!” बोल्टे ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, गुरुवारी सकाळी आठला गाडी फाटकाशी लावतो. हा आला तर आला, नाही तर तुम्ही तरी चला. मी मात्र आत पाऊल टाकणार नाही.” आणि बैल जुंपून नाश्ता न करताच गेला.

मी एवाल्डसमोर खुर्ची ओढून बसले. “आता सांग. मास्तर का?”

तो अहवाल द्यावा तसा बोलला. १९०४ सालच्या शेवटी, लढाई हरलेले हेरेरो पूर्वेच्या वाळवंटात पळाले होते. तिथल्या मोजक्या पाणवठ्यांवर पहारे बसवले होते. एका पाणवठ्यावर हा, बोल्टे आणि आणखी तिघे. हुकूम असा की कुणाला पाण्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, आणि आलेल्यांचा आकडा कळवायचा. एका पहाटे वाळूतून बरीच माणसं आली आणि समोर बसली.

“आम्ही पाच जण,” एवाल्ड म्हणाला. “ते अंगावर आले असते तर? त्यांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. मी त्यांना ओळीत उभं केलं. म्हटलं, गिनती करा. बरोबर आली की पाणी.”

“त्यांना जर्मन येत होतं?”

“मी शिकवलं ना. दुपारपर्यंत सगळे शिकले. ते पोर सगळ्यांत आधी शिकलं.” त्याचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मला त्याची तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. “पण शेवटची एक म्हातारी. ती तोंडच उघडेना. बेचाळीस आकडे व्हायचे आणि मग नुसती शांतता. मी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो. संध्याकाळपर्यंत घेतलं. शेवटी तिचा आकडा मीच म्हणून टाकला, त्रेचाळीस कळवले, आणि त्यांना परत वाळूत हाकललं.”

“आणि पाणी?”

त्याने माझ्याकडे नवल वाटून पाहिलं. “गिनती पुरी कुठे झाली?”

५

सोमवारी मी रुळाचा तुकडा पिठाच्या पिंपात लपवला आणि सहा वाजता एवाल्डचा हात घट्ट धरून त्याला पलंगावर बसवून ठेवलं. “आज विचारू नकोस. एक दिवस. माझ्यासाठी नाही, पोरासाठी.”

त्याने विचारलं नाही. बाहेर काही झालं नाही. गडी आले, थोडे थांबले, आपापल्या कामाला गेले. फ्लोरा पायरीवरून उठली आणि सरळ वीस पावलं चालत गोदामात गेली. ते पाहून मला रडू फुटलं. दुपारी एवाल्डने पाळण्याला कड्या बसवल्या, बेसूर का होईना शीळ घातली, आणि गुरुवारी माझ्याबरोबर यायचं कबूल केलं. लग्नानंतरचा माझा सगळ्यांत सुखाचा दिवस कोणता असं विचाराल तर तोच.

मंगळवारी मला जाग आली तेव्हा पलंगावर तो नव्हता. मी स्वयंपाकघरात धावले. तो बाभळीखाली उभा होता.

“एवाल्ड, नको!”

“अगं, उन्हात उभे आहेत ते,” तो म्हणाला. “किती आहेत ते तरी मला कळायला नको का?” आणि ओरडला, “गिनती!”

मी ओट्याला धरून उभी राहिले. युस्टीने चुलीशी होती, माझ्याकडे पाठ करून, पेज ढवळत. तिच्या गळ्यातला सरकारी नंबराचा पितळी बिल्ला मागच्या बाजूला सरकला होता. बाहेर आकडे पुढे जात होते. सत्तावीस घाईने झाले. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

“एकतीस,” युस्टीने म्हणाली.

हळू म्हणाली. ढवळणं थांबलं नाही. बाहेरून ‘एकतीस’ आलंच नाही, एकदम ‘बत्तीस’ आलं. आणि मला आठवलं, रविवारीही तो आवाज मला फार जवळून आल्यासारखा वाटला होता.

गिनती बेचाळीसवर थांबली. मी युस्टीनेचा खांदा धरून तिला वळवलं. तिचे डोळे कोरडे होते.

“तू तिथे होतीस.”

“होते, मिसेस.”

“एवाल्डने तुला ओळखलं नाही?”

“मिस्टरांना आम्ही सगळ्या सारख्याच.” तिने डाव बाजूला ठेवला. “मी मुद्दाम नाही म्हणत. त्यांनी विचारलं की तोंड उघडतं. माझं मी धरून बघितलं. दोन्ही हातांनी धरून बघितलं.”

“बाकीचे कुठे आहेत?”

“बाकीचे वाळूतच राहिले. पहिल्या नऊंचे आकडे आता गड्यांच्या तोंडी आहेत. मी एकटी आले.” मग म्हणाली, “ती म्हातारी माझी सासू. ती सकाळपासून सांगत होती, पोरींनो, म्हणू नका. एकदा म्हटलंत की त्याच्या ओळीतून सुटायच्या नाहीत. पण तहान लागलेली, मिसेस. पाणी दिसत होतं. आम्ही म्हटलं.”

“ती म्हातारी आता येईल?” मी विचारलं.

“ती कशाला येईल?” युस्टीने म्हणाली. “तिने कुठे म्हटलं?”

६

बुधवारी बेचाळीस झाले आणि मग शांतता. एवाल्ड वाट पाहत उभा राहिला. गडी उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं कुणी हललं नाही. फ्लोराचा वळसा आता विहिरीला लागून गेला होता. ओळीचं शेवटचं माणूस कठड्याशी असावं.

“एक कमी आहे,” एवाल्ड दिवसभर म्हणत होता. जेवताना, खोके बांधताना, माझं नाव घेऊन. “आल्वीने, एकच कमी आहे.”

“उद्या आपण जातोय,” मी म्हणत राहिले. “उद्या आठला.”

गुरुवारी बोल्टेची गाडी आठच्या आधीच फाटकाबाहेर लागली. त्याआधी सहाला पुन्हा गिनती झाली होती, पुन्हा बेचाळीसला थांबली होती. मी कोट घालून बाहेर आले तर एवाल्ड विहिरीवर रहाट फिरवत होता. पोहरा वर काढायचा, गुरांच्या डोणीत ओतायचा, पुन्हा सोडायचा. सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

“काय करतोस?”

“देऊन टाकतो त्यांना. गिनती नाही पुरी तर नाही.”

मी डोणीत पाहिलं. त्याने वीसेक पोहरे तरी ओतले असतील. डोणी कोरडी होती. मी तळाला हात लावला, सिमेंट उन्हाने तापलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याने आणखी एक पोहरा ओतला. पाणी पडताना दिसलं, पडल्याचा आवाज झाला, आणि मग नुसतं सिमेंट. गडी लांब गोदामाशी उभे होते. युस्टीने स्वयंपाकघराच्या दारात होती.

थोड्या वेळाने पोहऱ्यात गाळ यायला लागला. ती विहीर आमच्या मळ्याचा जीव होती, कुठल्याच उन्हाळ्यात आटली नव्हती. एवाल्डने फावडं घेतलं, कठड्यावर पाय टाकला आणि दोराला धरून खाली उतरला. मी ओरडले, त्याने ऐकलं नाही. खालून फावड्याचा आवाज येऊ लागला.

बोल्टे फाटकाबाहेरून हाका मारत होता, “वहिनी! चला!”

मी कठड्याशी जाऊन वाकले. खाली अंधारात त्याच्या डोक्याचा पांढुरका ठिपका हलत होता. “एवाल्ड, वर ये. सगळे प्यायले. आता कुणी राहिलं नाही.”

फावडं थांबलं. “नक्की? किती आहेत ते बघ.” आणि मी काही बोलायच्या आत तो खालून ओरडला, पाणवठ्यावर ओरडला असेल तसा, “गिनती!”

लांब गोदामाशी पहिल्या गड्याने, झाखारिआसने, ‘एक’ म्हटलं. नऊ जणांनी आपापले आकडे म्हटले. मग बाभळीपासून आवाज निघाला आणि एकेका पावलाने माझ्याकडे यायला लागला. खोकून ‘अठरा’. घाईघाईने ‘सत्तावीस’. दारातून ‘एकतीस’. मी कठड्याला धरून होते आणि मान वळवत नव्हते. छत्तीस. एकोणचाळीस. आता त्यांचे श्वास ऐकू येत होते, प्यायल्यानंतर माणूस घेतो तसे भरलेले. एक्केचाळीस माझ्या मागे दोन हातांवर. बेचाळीस माझ्या उजव्या खांद्याशी. म्हाताऱ्याचा आवाज होता. माझ्या मानेला ओल लागली.

आणि मग शांतता.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तेवढंच पाहिलं. माझ्या हाताशेजारी कठड्यावर एक हात होता, वाळूने भरलेला, आणि त्याची बोटं ओली होती. तो हात अगदी सरळ ठेवलेला होता. ओळीत ठेवतात तसा.

“पुढचा!” एवाल्ड खालून म्हणाला.

मी कठड्यावरचा माझा हात काढून घेतला.

“आल्वीने, तू आहेस ना तिथे? तू उभी आहेस शेवटी.” त्याचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता. “तू म्हण. एकदा पुरी होऊ दे, की मी लगेच वर येतो. एका आकड्याचं काम आहे, आल्वीने.”

मला तो हवा होता. लोकांना हे खरं वाटत नाही, पण मला तो वर हवा होता, चिखलाने माखलेला, विनोद न कळणारा, पोराच्या पाळण्याला कड्या बसवणारा. आकडा माझ्या जिभेवर आलाच होता. तोंड उघडायला लागलं, माझं मलाच आवरेना. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. दात ओठात घुसले तरी दाबून धरले. दारात युस्टीने उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, फक्त पाहत होती.

“पुढचा,” एवाल्ड पुन्हा म्हणाला. “मला घाई नाही.”

मी तशीच, तोंड दाबून, फाटकापर्यंत चालत गेले.

७

बोल्टेने मला गाडीत चढवलं. “एवाल्ड?” त्याने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने बैल हाकले.

नंतर लोक मळ्यावर गेले होते असं मला कळलं. विहिरीत फक्त फावडं सापडलं, दोर जागेवर होता. गडी निघून गेले होते, युस्टीनेही. विहीर कोरडी होती. मला एवढंच सांगण्यात आलं आणि मी जास्त काही विचारलं नाही.

ओकाहांड्याला पोचेपर्यंत तीन दिवस मी बोलले नाही. ओठ सुजले होते. त्यामुळे बोल्टेला ते चमत्कारिक वाटलं नाही. सुईणीच्या घरी दार एका जाड, हसऱ्या बाईने उघडलं, मला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि पोटावर हात ठेवला.

“घाबरायचं नाही हं,” ती म्हणाली. “कितवा महिना?”

मी तोंडावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवली. आधी पाच, मग दोन.